पायरीत गेलेला किल्ला

आखाती देशातल्या खोर फक्कानच्या बंदरात इंजिनिअर असलेला तो जपानी मला एकदाच भेटला. समुद्रकाठच्या एका जुन्या पडक्या भिंतीपाशी उभा राहून तो दगडांवरून तळहात फिरवत होता, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी पक्का किल्लेवेडा. तटाच्या दगडाला कोणी हात लावला की माझं डोकं फिरतं. पण हा हात वेगळा होता, म्हणून बायकोला घेऊन मी बोलायला गेलो.

त्याच्या गावीही समुद्रात पाय सोडून बसलेला किल्ला होता. भरतीला खंदकात मासे यायचे. आता नुसता चौथरा उरलाय, असं तो इंग्रजीत सांगत होता.

"कोणी पाडला?" मी लगेच विचारलं. आम्हा मराठी माणसांचा पहिला प्रश्न तोच.

"शत्रूने नाही," तो ताठ मानेने म्हणाला. "सरदारांचं राज्य संपलं, नव्या सरकारने किल्ला मोडीत काढला. लोकांनी वासे नेले, दगड नेले. आमच्या घराची पायरी त्यातलीच. किल्ला पडला नाही, गावात राहायला आला."

"आमच्या मालवणच्या विहिरीवरचा कपडे धुवायचा दगडपण किल्ल्याचाच आहे," माझी बायको सहज म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे मला आज कळत होतं!

"खलास! यापुढे त्या दगडाला साबण लागणार नाही," मी जाहीर केलं. बायकोने हसत हसत ते सगळं त्याला इंग्रजीत सांगितलं.

तो घाबरून दोन्ही हात हलवत म्हणाला, "नो, नो! वॉश, प्लीज. एव्हरी डे."