मामांचे सहा मोली मासे

अख्ख्या पंचवटीत ‘अंदाज’ या गोष्टीवर ज्याचा काडीचाही विश्वास नव्हता असा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा होता. हयातभर शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलेले मामा निवृत्त होताना खिशात थर्मामीटर घेऊनच घरी आले असावेत. आंघोळीचं पाणी ते मोजून घेत. ‘पाचेक मिनिटांत येतो’ असं कुणी म्हटलं, की ‘पाच की सहा, ते सांगा’ म्हणत. लग्नात मला आशीर्वाद देतानासुद्धा त्यांनी अक्षता मोजल्या असतील, अशी मला दाट शंका आहे.

मामी पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मामांनी त्यांच्या पलंगासमोर माशांची टाकी आणून ठेवली. त्यात काळ्याभोर मोली जातीचे सहा मासे होते. ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, डॉक्टर वॉकर धरून चाला म्हणत होते, पण मामींनी धास्तीच घेतली होती. त्या दिवसभर मासे बघत पडून राहत. थंडीत एका सकाळी त्याच म्हणाल्या, “अहो, माशांच्या अंगावर रवा सांडल्यासारखं काय दिसतंय?”

मामांनी भिंग लावलं. दुकानदाराने पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सांगितला, निळं औषध दिलं आणि वर ‘नवे मासेच घ्या, स्वस्त पडतील’ असा सल्लाही दिला. मामा त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांनी हीटर आणला, पाणी दर काही तासांनी एकेक अंश वाढवत तीसवर नेलं, खडेमीठ तोलून घातलं. औषधाने पाणी असं निळं झालं, की काळे मासे दिसेनात. मग मामा टॉर्च घेऊन काचेला नाक लावत आणि पलंगावर बातमी देत, “तिसऱ्याच्या शेपटीवर सात. काल नऊ होते.” चौथ्या दिवशी मात्र त्यांनी टॉर्च विझवला. मग हळू आवाजात म्हणाले, “पाच राहिले.” मामी भिंतीकडे तोंड करून रडल्या. मामा त्यांच्याजवळ बसून राहिले.

आठवड्याने ठिपके गेले. आता औषध थांबवा, असं सगळेच म्हणू लागलो. मामा ऐकेनात. “जावईबापू, किडे मेले नाहीत, माशावरून सुटून तळाला गेलेत. तिथे एकाचे शेकडो होतील आणि पुन्हा मासा शोधतील. औषधाने मरतात ते त्या वेळी.” दुपारी वीज जाई, तेव्हा ते गरम पाण्याच्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवत आणि हातात थर्मामीटर धरून बसत. असे आणखी दहा दिवस गेले.

शेवटी त्यांनी थोडं थोडं करत पाणी बदललं. मी गेलो त्या दिवशी ते नितळ झालं होतं. पण टाकीवर उन्हाची तिरीप आली होती आणि पलंगावरून नुसती चकाकी दिसत होती. मामींनी दोनदा मान उंचावली. मग कुणाला काही न सांगता वॉकर ओढला आणि उठल्या. मी पुढे धावलो, तर मामांनी माझं मनगट धरलं. “थांबा. धरायला गेलो तर बसेल ती.”

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते त्या दुपारचे. मामी काचेला बोट लावून, पाचही मासे धडधाकट आहेत ना, हे पाहत उभ्या आहेत आणि त्यांच्या दोन पावलं मागे मामा, दोन्ही हात पुढे केलेले, पण कुठेही न टेकलेले.