दाट पेरलेलं सॅलड

गिरणी संपाच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या लालबागच्या चाळीत, गॅलरीतल्या आंब्याच्या रिकाम्या पेटीत, बाबांनी सॅलडची पानं लावली. लेट्यूस हा शब्द आमच्या घरात कुणाला धड म्हणता येत नव्हता आणि ते पान कुणी चाखलंही नव्हतं. आई कफ परेडला एका घरी पोळ्या करायला जायची. तिथल्या बाईंनी बियांचं पाकीट दिलं आणि सांगितलं, पानं चांगली आली तर दर आठवड्याला आम्हीच घेऊ. आईला त्या पानांचं काडीचं कौतुक नव्हतं. दिवसभर भिंतीला टेकून बसलेल्या नवऱ्याच्या हाताला काही काम मिळावं, एवढंच तिला हवं होतं. मलाही तेच हवं होतं.

बाबा गिरणीत साळखात्यात साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. विणताना धागा तुटला की बोटांनी चटकन सांधायचा, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. तिळाहून बारीक बी त्यांनी चिमटीचिमटीने पेरलं आणि वर नुसती मातीची भुकटी भुरभुरली. आठवड्याभरात सगळी पेटी हिरवी झाली. एक बी वाया गेलं नाही, असं ते येईल-जाईल त्याला सांगत. कितीतरी महिन्यांनी रोज दाढी करू लागले होते.

मग बाईंचा निरोप आला. चार बोटांच्या अंतरावर एक रोप ठेवा, बाकीची उपटून टाका.

"उगावली ती काय उपटूक?" बाबा म्हणाले. विषय संपला.

रोपं गर्दीत लांबुडकी, पिवळट झाली आणि माना टाकू लागली. बाबांनी पेटीच्या कडांना खिळे मारले, सुती धागे ताणले आणि एकेक रोप धाग्याला टेकवून उभं केलं. शेजारी म्हणाले, गॅलरीत साचा बसवला की काय. मला हसू येईना. मला सगळ्याचाच कंटाळा आला होता, रेशनच्या रांगेचा, घरातल्या गप्पपणाचा आणि आता या पेटीचाही.

एका दुपारी बाबा गिरणीच्या गेटवर गेले. लोकांना परत घेतायत अशी बातमी होती. ते गेल्यावर मी पेटीपाशी बसले आणि धाग्यांमधून बोटं घालून, चार बोटांवर एक ठेवत, बाकीची रोपं उपटली. वाईट वाटत होतं, पण पानं आली तर हा माणूस सावरेल असंही वाटत होतं.

संध्याकाळी ते आले. चपला काढताना त्यांची नजर पेटीवर गेली. मी घाईघाईने सांगू लागले, की बाईंनीच सांगितलं होतं, थोडी काढली की उरलेल्यांना जागा होते, ती जोमाने वाढतात.

"वाढतली," बाबा म्हणाले. "गेटवर सायबान पण ह्याच सांगितल्यान."

परत घ्यायच्या लोकांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, हे आईने विचारल्यावर कळलं. पानं पुढे खरंच चांगली आली आणि कफ परेडला गेली. पाणी मात्र शेवटपर्यंत मलाच घालावं लागलं.