महागाच्या गोळ्या

आईचं प्रेशर वाढलं तेव्हा डिचोलीच्या डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि ती चुकवायची नाही म्हणून बजावलं. बाबांची प्रेशरची गोळी सरकारी दवाखान्यातून यायची. आईची मात्र विकत घ्यायची होती, आणि पहिल्याच दुकानात वस्तू घेतली की मला आपण फसलो असंच वाटतं.

मुळगावहून मी तुयेच्या कारखान्यात स्कूटरने जातो. वाटेत अस्नोडा, कोलवाळ. दिसेल त्या फार्मसीत शिरायचं, चिठ्ठी दाखवायची, भाव विचारायचा आणि येताना घेतो म्हणून पसार व्हायचं, असा माझा दोन दिवस उद्योग चालला. अस्नोड्याचा दुकानदार दुसऱ्या दिवशी मी हेल्मेट काढायच्या आतच सूट सांगून मोकळा झाला. कोलवाळच्या बाईंनी विचारलं, तुम्हाला औषध घ्यायचंय की त्याची सोयरीक जुळवायचीय? मग त्यांनीच दुसऱ्या कंपनीची गोळी पुढे केली. औषध तेच, वेष्टन साधं आणि किंमत पावपटही नाही. डॉक्टरांनीही ती चालेल म्हटलं.

आता ती आईच्या गळी उतरवायची कशी? बुधवारच्या बाजारात कोणी इसवण, म्हणजे सुरमई, स्वस्त सांगितली की आई कल्लेसुद्धा न उघडता पुढे जाते. स्वस्त गोळी ती कचऱ्यात टाकेल, याची मला खात्री होती. म्हणून मी किंमत चांगली फुगवून सांगितली. तिने ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाटात वरच्या खणात ठेवलं. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

महिन्याने तपासलं तर आईचं प्रेशर होतं तिथेच. गोळ्या घेता ना, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिने मान हलवली. त्याच आठवड्यात बाबा माडांना पाणी लावताना चक्कर येऊन खाली बसले. दवाखान्यात नेलं तर त्यांचं प्रेशर पार उतरलेलं. काय काय खाता, असं डॉक्टर विचारू लागले. बाबा म्हणाले, ही चहाबरोबर हातावर ठेवते ते सगळं.

मी आईकडे बघितलं.

"म्हारग गुळ्यो हांवें कित्याक खावच्यो?" ती म्हणाली. "तुज्या बापायक दिल्यो."

आमच्याकडे इसवणीची मधली तुकडी बाबांच्या ताटात जाते, मग माझ्या, आणि आई डोकं-शेपटी चोखत बसते. हे मी जन्मभर बघत आलोय. तरीही ही महाग इसवण ती कोणासाठी घेते, हे मला कधी सुचलं नव्हतं. मला तिचा राग आला आणि माझा त्याहून जास्त.

मी तिथेच खरी किंमत सांगून टाकली. आता माझी खरडपट्टी होणार म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. पण आईने एवढंच विचारलं, "खरेंच इतल्यो सवाय?"

सगळ्यात स्वस्त, मी म्हटलं. याहून स्वस्त गोव्यात मिळत नाहीत.

"मागीर हाड. हांव खातां."

मी लगेच आणल्या, आणि तेव्हापासून ती रोज न चुकता गोळी घेते. मधे गोळ्यांचा भाव थोडा वाढला. आईला मी तो आणखी उतरल्याचं सांगितलंय.