पडद्याच्या बायकांकडच्या बाजूला

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलोय. मसणवट्याच्या कडेने सायकल हाणत घरी आलोय, पिंपळाखाली घोरत पडलोय, मला कुणी धरलं नाही. तेव्हा खालचं वाचून तुम्हाला मला खोटारडा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. शाळा चौथीपर्यंत, लिहिण्यात चुका असतील. पण आमची मंडळी, म्हणजे बायको यमुना, या उन्हाळ्यात गेली. घरात बोलायला कोणी नाही. आणि ही गोष्ट तिच्याशिवाय मी कुणाशी बोललोच नव्हतो.

गाव कोल्हार. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदला हिवाळा. नगर-मनमाड रस्त्याला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि लग्नाला दोन वर्षं झाली होती. प्रवरेच्या काठी मोकळ्या रानात टुरिंग टॉकीजचा तंबू पडला होता. आताच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही, पण त्या तंबूत पडदा मधोमध असायचा. मशीनच्या बाजूला गडीमाणसं, पडद्याच्या पलीकडे बायका. बायकांना सगळा सिनेमा उलटा दिसायचा... हिरो डाव्या हाताने जेवायचा. यमुना म्हणायची, तुमच्याकडं तरी सरळ हाय का बघा एकदा.

तंबूचा शेठ हुशार. नुसत्या सिनेमाला माणसं रोज येत नाहीत, म्हणून बाजाराच्या दिवशी खास कार्यक्रम ठेवायचा. दिवेलागणीला, खेळाच्या आधी, कोणीतरी पाहुणा पडद्यासमोर उभा राहून भाषण करायचा. ऑपरेटर मशीनचा नुसता पांढरा दिवा सोडायचा, म्हणजे पाहुणा नीट दिसावा. बायकांना पलीकडून फक्त त्याची सावली दिसायची. पाहुण्याला हार घालायचा मान दर वेळी वेगळ्या आळीला.

पहिल्यांदा एक वस्ताद आले, तालमीचं महत्त्व सांगायला. माणूस म्हणजे दगडी खांब. घरी जाताना यमुनेने विचारलं, "वस्तादाच्या मागं उभा हुता त्यो कोन? त्यांचा पठ्ठ्या का?"

मागं कोणी नव्हतं. मी पुढच्या सतरंजीवर बसलो होतो, वस्ताद एकटेच उभे होते. तसं सांगितलं तर ती म्हणाली, उंच होता, डोक्याला काही नाही, मान एका खांद्यावर पडलेली, सगळ्या बायकांनी पाहिला. मी म्हणालो, तुम्हा बायकांना एकाचे दोन दिसतात, त्यात नवल काय. ती चिडून माझ्या दहा पावलं पुढं चालायला लागली.

त्याच आठवड्यात वस्ताद गेले. रात्री जेवून निजले, सकाळी उठले नाहीत.

पुढच्या बाजाराला एक रिटायर मास्तर बोलले. आमच्या बाजूला कंटाळून माणसं विड्या ओढायला बाहेर गेली इतकं बोलले. यमुना घरी आली ती थेट चुलीपाशी बसली. भाकरी टाकता टाकता एवढंच म्हणाली की तो आज पण होता, मास्तरांच्या कानाशी वाकून. मी तिला समजावलं, अगं पडदा एकच. आमच्या बाजूने त्याच्यावर एक सावली दिसते, तर तुमच्या बाजूने दोन कशा दिसतील? कापडाला काय दोन तोंडं असतात? तिने तव्यावरची भाकरी उलटली. त्याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

मास्तर दोन दिवसांनी विहिरीवर चक्कर येऊन पडले ते पडलेच. म्हातारा माणूस, चालायचंच, असं मी म्हणालो. पण मोठ्याने म्हणालो, एवढं खरं.

तिसऱ्या खेपेला डोळ्यांच्या शिबिराचा डॉक्टर यायचा होता आणि हार घालायचा मान आमच्या आळीचा. आळीने माझं नाव दिलं. यमुनेने हात जोडले, पाया पडली. तुमी नगा जाऊ, दुसरं कुणीबी घालंल. आता आळीसमोर काय तोंडाने सांगणार, की बायकोला सावली दिसते म्हणून येत नाही? मी सासऱ्याने दिलेला फेटा बांधला आणि गेलो. ती माझ्या मागून आली, बायकांच्या बाजूला गेली. जाताना वळून पाहत होती.

मशीनचा दिवा लागला. डॉक्टर कोवळा पोरगा, बोडका, चष्मा लावलेला. मी हार घातला. टाळ्या पडल्या. शेठने मलाही नारळ द्यायचा म्हणून तिथंच थांबवलं, डॉक्टरपासून दोन हातांवर. उजेड डोळ्यांत जात होता, समोरची माणसं दिसत नव्हती. मला काही झालं नाही. गार वाटलं नाही, वास आला नाही, काही म्हणजे काही नाही. ते मला आजही जास्त खटकतं.

तेवढ्यात पलीकडून एक बाई ओरडली, मग चार ओरडल्या. आणि यमुना पडद्याखालून वाकून थेट गड्यांच्या बाजूला आली. असं आजवर कुठल्याच बाईने केलं नव्हतं. डोक्यावरचा पदर पडलेला. उजेडात माझ्या आणि पडद्याच्या मध्ये घुसली आणि माझ्या डाव्या खांद्यावर फाडकन हात मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा नखं लावून ओढल्यासारखा... विंचू झटकावा तसा. माणसं हसायला लागली. कोणीतरी म्हणालं, फेटेवाल्याला घरी मार कमी पडला वाटतं.

तिने मला दंडाला धरून बाहेर ओढत नेलं. अख्ख्या रस्त्याने मी शिव्या घालत होतो, तिचे दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारची चंद्रभागाकाकू दारात आली. ती पण पलीकडे बसली होती. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो. "डागदरची सावली यगळी, तुज्या फेट्याची यगळी, आन् त्यो तुला चिकटून. तुला घिऊन पोरगी भायेर ग्येली, डागदर बी बाजूला झाला, तरी त्यो पडद्यावर हुताच. मग मशीन बंद केलं. अंधारात कुटं ग्येला त्ये कुनी बगावं?"

बायका पोरं उचलून पळाल्या होत्या. पुढचे खेळ ओस पडले आणि शेठने तंबू उचलून राहात्याकडे नेला.

आता सांगतो ते ऐका. तो आठवडा मी मेलेला माणूस होतो. न मानणारा मी, पण रात्री डोळा लागू देत नव्हतो, वस्तादांसारखं सकाळी उठायचंच नाही म्हणून. यमुना उशाशी बसून असायची. माझा श्वास चालतोय का, नाकाशी बोट धरून बघायची. कंदील लावू द्यायची नाही. भिंतीवर माझी सावली पडायला नको, एवढंच सांगायची. दुकान बंद, आडावर जाणं बंद. आठवडा गेला, महिना गेला, दुष्काळ आला आणि गेला. मी जगलो. डॉक्टरलाही काही झालं नाही.

त्या दिवशी माझ्या खांद्यावरून काय झटकलंस, हे मी पन्नास वर्षांत तिला कितीदा विचारलं असेल. उठून जायची. या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळली, बोलणं कमी झालं, तेव्हा एका दुपारी तिचा हात हातात घेऊन परत विचारलं.

म्हणाली, "हात हुता. दिसत न्हवता, पर घावला मला."

"गार होता का?"

"न्हाई. गरम हुता. मानसाचा असतो तसा."

मग मी विचारलं, माझ्यावरून काढलास, तर मग तो गेला कुठं?

तिने माझ्या हातातून आपला हात, त्या दिवशी झटकलं होतं तोच, हळूच सोडवून घेतला आणि गोधडीखाली नेला.

"तुमी हाय न्हवं," ती म्हणाली. "मग कशाला इचारता?"

भिंतीकडं तोंड करून निजली. नंतर तिने तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. ते काय होतं, कुणासाठी आलं होतं, मला माहीत नाही. मी उजेडाच्या बाजूला होतो.