साहेब येतो म्हणाले

मी चौथीपर्यंत शिकलो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे म्हाताऱ्यानं कुणाकडून तरी लिहून घेतलं असं पुढं कुणी म्हणायला नको. अक्षर माझं आहे. सावकाश लिहितो, पण लिहिलेलं खोडत नाही.

नांदेड आणि लातूरच्या मधी एका शिक्षण संस्थेचं मोठं आवार आहे. एकाच कंपाउंडात चार कॉलेजं, दोन वसतिगृहं. त्याच्या मोठ्या फाटकावर मी एकोणीस वर्षं पहारा केला. लोक आम्हाला वॉचमन म्हणत. माझ्या छातीवर बिल्ला होता, त्यावर ‘सुरक्षा विभाग’ लिहिलेलं होतं. वॉचमन म्हणणाऱ्याला मी बिल्ला वाचून दाखवायचो. प्राध्यापक असला तरी.

आम्ही वीस-बावीस जण होतो. पहिले साहेब, म्हणजे आमचे सुरक्षा अधिकारी, फौजेतून आलेले. शिवी द्यायचे, पण आजारी पडलं तर घरी येऊन बघून जायचे. त्यांच्यानंतर आलेले साहेब वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढे. ते शिवी देत नव्हते. त्यांचं बोलणं शिवीपेक्षा खोल जायचं.

सकाळी सहाला फॉल-इन व्हायचं, म्हणजे सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. पूर्वी रांगेत येता येता कुणी रामराम म्हणायचा, कुणी जय भीम, कुणी सलाम. नव्या साहेबांच्या दुसऱ्या वर्षापासून कुणी काहीच म्हणेना. खाली मान घालून यायचं, कुणाचा पट्टा ढिला, कुणाची दाढी वाढली यावर बोलणी खायची आणि आपापल्या पॉइंटवर जायचं. एकदा साहेब म्हणाले, "तुमच्यापेक्षा कुत्रं बरं. भुंकतं तरी."

माझ्या मागून एक जण हळूच बोलला, "भुंकलं की पॉइंट बदलून टाकतो ना ह्यो."

रांग हसली. ते हसणं चौघांना महागात पडलं. महिनाभर ड्युटी लागली, सायकल स्टँडच्या तापलेल्या पत्र्याखाली. मी हसलो नव्हतो, पण मीही गेलो. कारण कोण बोललं ते मी सांगितलं नाही.

मग भाकरीवर हुकूम आला. दुपारी आम्ही चार-सहा जण पाण्याच्या टाकीमागं बसून भाकरी सोडायचो. एकाची अंबाडीची भाजी, एकाचा ठेचा, कुणाकडं लोणच्याचा खार. त्या अर्ध्या तासात घरचं, पोराबाळांचं बोलणं व्हायचं. हुकूम असा निघाला की दोनपेक्षा जास्त गार्ड एका ठिकाणी दिसले तर गैरहजेरी लागेल. तेव्हापासून जो तो आपल्या पॉइंटवर भिंतीकडं तोंड करून खायला लागला. काम तेवढंच होतं, फाटक तेच होतं, पण घरी आलं की पायातला बूट काढायचंसुद्धा जिवावर यायचं. माणूस कामानं थकत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो. तेव्हा कळलं की थकायला दुसऱ्याही वाटा असतात.

माझी पाळी सहा ते दोन. दोनला माझ्या जागी एक बाई यायची, निलंग्याकडची. मधी मधी कानडी शब्द टाकायची. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो आणि ती मला अण्णा. नवरा वारलेला, मुलगी आमच्याच आवारात बी.ए.ला. कामावरच्या बाईच्या मुलीला तिथं फी माफ होती. अक्का ड्युटीला का चिकटून होती, ते एवढ्यात आलं.

आता रजिस्टरचं सांगतो.

फाटकावरच्या रजिस्टरात चार रकाने होते. नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि शेरा. गाड्यांना मी तिसऱ्या रकान्यात वेळ टाकायचो. ट्रक गेला, टँकर गेला. माणसाला मात्र नाही. माणसाच्या पुढं ‘गेल्याची वेळ’ लिहायची म्हणजे आमच्याकडं ती वेगळीच वेळ. घरातून कुणी ‘जातो’ म्हणून उठला तर माय त्याला परत बसवायची, ‘येतो’ म्हणवून घ्यायची, मग सोडायची. म्हणून मी तो रकाना रिकामा ठेवून शेऱ्यात लिहायचो, ‘४ वाजता येतो म्हणाले’. म्हणजे माणूस चारला बाहेर पडला. पहिल्या साहेबांनी वाचून पोट धरून हसून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे मामा, तुमच्या हातून कुणी मरायला नको." एकोणीस वर्षांत दुसऱ्या कुणी ते रजिस्टर तपासलंही नाही.

ज्या दिवसाचं सांगतोय त्या दिवशी साहेब अकराला मोटरसायकलवर बाहेर पडले. आठवड्यातून तीन-चारदा पडायचे. शहरात त्यांचं कसलंसं दुकान उभं राहत होतं. फाटकावर गाडी हळू केली, "येतो रे," म्हणाले आणि गेले. मी लिहिलं, ‘साहेब ११ वाजता येतो म्हणाले’. दोनपर्यंत ते आले नाहीत. अक्का आली, मी रजिस्टर तिच्या हवाली करून घरी गेलो.

साडेतीनला मुलांच्या दोन टोळ्यांत फाटकाच्या आतल्या बाजूला मारामारी झाली. गॅदरिंगच्या बॅनरवर कुणाचा फोटो मोठा, एवढ्यावरून. फाटकावर अक्का एकटी. तिनं शिट्टी फुंकली, मधी पडली, हाताच्या बांगड्या फुटल्या. तशाच हातानं केबिनमधल्या फोनवरून साहेबांच्या ऑफिसला चारदा फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. एका मुलाचं पट्ट्याच्या बकलानं डोकं फुटलं. दवाखान्यात टाके पडले. संध्याकाळी त्याचे आई-बाप आणि गावचे लोक दोन जीप भरून आले आणि एकच विचारलं, "तुमचा सुरक्षा अधिकारी कुठं होता?"

साहेब तोवर मागल्या फाटकानं आत आले होते, तिथं रजिस्टर नव्हतं. म्हणाले, "मी ऑफिसमधीच होतो. मला कुणी कळवलंच नाही."

फाटकावरचा कॅमेरा पावसाळ्यापासून बंद होता. सबूत म्हणून रजिस्टर आणलं. साहेबांनीच पान उघडलं आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. ‘साहेब ११ वाजता येतो म्हणाले.’ "बघा," म्हणाले, "मी सकाळी राउंडला बाहेर होतो, अकराला येतो म्हणून गार्डला सांगितलं, अकराला आलो. बाहेर गेल्याची नोंद कुठं आहे? रकाना रिकामा आहे."

आणि रकाना खरंच रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी अक्काला मेमो मिळाला. अधिकारी जागेवर हजर असताना कळवलं नाही, चौकशी होऊन कामावरून कमी का करू नये. तिनं तो दोनच्या पाळीला येऊन माझ्या हातात दिला. मी एक एक शब्द जुळवत वाचला.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमचं ते येतो येतो माझ्या गळ्यात आलं बगा."

"अगं पण सगळ्याला मालूम हाय की त्याचा अर्थ काय ते."

"सगळ्याला मालूम हाय. बोलायलंय कोण?"

कुणीच बोलत नव्हतं. साहेब सारखे बाहेर जातात हे वीस-बावीस माणसांना ठाऊक. फॉल-इनला मी मोठ्यानं विचारलं, "अक्कासाठी सही कोण करतो?" सगळ्यांनी बुटाकडं बघितलं. मला त्यांचा राग आला नाही. भिंतीकडं तोंड करून जेवायची सवय लागलेली माणसं, ती एकमेकांकडं कशी बघतील?

चौकशीला एक मॅडम नेमल्या होत्या. केमिस्ट्री शिकवायच्या, केस पिकलेले, आवाज शांत. मला बोलावलं तेव्हा समोर साहेबही बसलेले होते. मॅडमनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.

"मामा, हे तुमचं अक्षर?"

"हाव."

"अकरा वाजता साहेब आले की बाहेर गेले?"

"भायेर पडले, मॅडम. येतो म्हणाले म्हणून येतो लिवलं. तुमच्या घरी काय म्हणतात?"

"आमच्याही घरी येतोच म्हणतात." त्यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. "मला कळतं मामा. कागदाला कळत नाही ना. तुम्ही मला लेखी द्या. साहेब अकरा वाजता गेले, दोनपर्यंत परत आले नाहीत. आणि नोंद करण्याची तुमची पद्धत चुकीची होती."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "लिही की मामा, लिही. साहेब गेले म्हणून लिही. लई दिवसांची इच्छा असंल तुझी."

मी मॅडमना म्हणालो, "अकराला भायेर पडले, हे देतो लिहून. बाकीचं न्हाई."

"पद्धत चुकीची होती हे यायला हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर हे म्हणणार, गार्ड आज एक सांगतो आणि उद्या दुसरं."

एकोणीस वर्षांत मला एक मेमो नव्हता. एक लाल शेरा नव्हता. फॉल-इनला मी ते नव्या माणसांना सांगायचो, जरा जास्तच सांगायचो. आणि आता माझ्याच हातानं लिहून द्यायचं की सगळं रजिस्टर गलत. मी खुर्ची मागं सारली. "मी चूक केली न्हाई, तर चूक लिवणार न्हाई," म्हणालो आणि बाहेर आलो.

व्हरांड्यात साहेब माझ्या मागून आले. खांद्यावर हात ठेवला. तसा त्यांनी आधी कधी ठेवला नव्हता. "बरं केलंस. तुझी नोकरीची मुदत दोन महिन्यांत संपते ना? वर्षभर वाढवून घेऊ. माझ्या हातात आहे."

मला तेव्हा कळलं की मी कुणाच्या बाजूनं उठून आलो ते.

तरीही मी लगेच परत गेलो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू. दोन दिवस मी मनाशी भांडत राहिलो. अक्का पाळी घ्यायला यायची, रजिस्टर ओढून घ्यायची. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "अक्का, कायतरी रस्ता निघंल."

तिनं शिट्टीची दोरी गळ्यात घालता घालता मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अण्णा, सोमवारी मॅडम कागद वर पाठवणार. पोरीचं शेवटचं वरीस हाय. माझी ड्युटी गेली की तिचीबी माफी गेली. तुमची इज्जत तुमच्यापाशी ठिवा, ट्रंकेत घालून कुलूप लावा. मला तिचा काय उपेग?"

"तुला वाटतंय मी भ्यालो?"

"भ्याला असता तर बरं झालं असतं. भ्यालेल्या माणसाची समजूत घालता येती."

मी घरी गेलो नाही. गणवेशातच मॅडमच्या ऑफिसबाहेर बसलो. त्यांचा तास सुटायला वेळ होता. शिपायाकडून एक कोरा कागद मागून घेतला, मांडीवर एक पुठ्ठा धरला आणि लिहिलं. ‘साहेब त्या दिवशी अकरा वाजता गेले. दोन वाजेपर्यंत आले नाहीत. माझी नोंद करायची पद्धत चुकीची होती. बाईची चूक नाही.’ ‘गेले’ लिहिताना हात थांबला, हे खरं. पण त्याहून जास्त तो ‘चुकीची’वर थांबला. सही केली. मॅडम आल्या, त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बसा मामा, चहा घ्या." मी म्हणालो, "ड्युटी संपली माझी, मला घरी जायचंय."

पुढं काय झालं ते दोन ओळींचं आहे. अक्काचा मेमो मागं घेतला. साहेबांना समज दिली, म्हणजे काय दिलं ते आम्हाला कधी समजलं नाही. मला चुकीच्या नोंदींबद्दल मेमो मिळाला, पहिला आणि शेवटचा, आणि मुदत वाढवली नाही. नवं रजिस्टर छापून आलं, त्यात शेऱ्याचा रकानाच नव्हता.

कुणी मला शाबासकी दिली नाही. शेवटच्या दिवशी फॉल-इनला साहेब माझ्या पुढून गेले, माझा पट्टा बघितला आणि पुढच्याकडं वळले. फाटकातून बाहेर पडताना दोघं-तिघं जवळ आले, पण साहेबांची खिडकी उघडी होती, म्हणून थोडं अंतर ठेवून उभे राहिले. एकानं नुसता हात वर केला.

चुकलो का, असं माझी बायको कधी कधी विचारते. मी म्हणतो, लिहून दिलं ते बरोबर केलं. मात्र माझी पद्धत चुकीची होती असं लिहिलं, ते अजून टोचतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही घेऊन मी हदगावला मुलाच्या घरी ओट्यावर बसलेला असतो.

मागच्या महिन्यात अक्काचा फोन आला. मागं गाड्यांचा आवाज होता.

"अण्णा, मला सकाळच्या पाळीला मागल्या फाटकावर टाकलं. सावली न्हाई, पाणी न्हाई. साहेब रोज फॉल-इनला फुडं उभी करतो आन् म्हणतो, ही बगा लेखी द्यायला लावणारी."

"मग? सोडतीस का?"

"सोडाया मी येडी हाय का? पोरीची परीक्षा लागली, अजून दोन पेपर ऱ्हायले. ती पास झाली की बगू."

"अवघड जातात म्हणे पेपर."

"तिला न्हाई जात. मला जातंय हितं उभं ऱ्हाणं." तेवढ्यात "थांबा अण्णा, ट्रक आला," म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून ट्रकवाल्यावर ओरडायला लागली. मी कानाला धरून बराच वेळ ऐकत बसलो. ट्रकवाला काहीतरी उद्धट बोलला, आणि ती त्याला गाडी मागं घ्यायला लावत होती.