वैशाखातल्या कुरडया

बावीस वर्षं कलकत्त्यात काढूनही माझ्या सासूबाईंना तिथली हवा मान्य नव्हती. वैशाखात पाऊस पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुरडया वैशाखातच घालायच्या, कारण त्यांच्या वाईला वैशाखात घालत. बागबाजारात वैशाखातली दुपार कलली की वादळ येतं, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. मी लग्न होऊन यायच्या आधीपासून त्यांच्या कुरडया दरसाल भिजत, आणि दरसाल त्या म्हणत, "यंदा जरा विचित्रच झालं."

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. माहेरी एकदाही जाणं झालं नव्हतं. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "यंदा कुरडया तू एकटीने कर. नीट वाळल्या तर ज्येष्ठात साताऱ्याला जा."

मी गहू तीन दिवस भिजवले, वाटले, चीक काढला, शिजवला आणि रविवारी पहाटे गच्चीत दोन बाजांवर जुनी धोतरं पसरून कुरडया घातल्या. दुपारपर्यंत कडक ऊन होतं.

रविवारी आमच्याकडे जेवायला अडीच वाजत. सासऱ्यांची पूजाच आटपत नसे. एकदा आपोशन घेतलं की ते हात धुवेपर्यंत बोलत नसत. मध्ये बोलले तर पान सोडून उठायचं, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत उपास. ते उठेपर्यंत दुसऱ्या कुणीही उठायचं नाही. मी आणि सासूबाई सोवळ्यात वाढत होतो. गच्चीच्या जिन्यात खालच्या लोकांचे कपडे वाळत. त्यांना शिवल्याशिवाय वर जाता येत नसे. म्हणजे घरात चार धडधाकट माणसं, आणि गच्चीत जाऊ शकेल असं एकही नाही.

सासऱ्यांचा पहिला भात संपला तेव्हा खालून घरमालकीणबाई ओरडल्या, "बोउमा, झड आशछे!" सूनबाई, वादळ येतंय, म्हणून सांगत होत्या.

"तिचं रोजचंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "पंचांगात मृगापर्यंत पाऊस नाही." पंचांग पुण्याचं होतं.

माझे यजमान म्हणाले, "आई, मी पटकन वर जाऊन येऊ का?"

"वडील जेवताहेत आणि तू उठणार? बस खाली. आमटी घे."

सासऱ्यांचं तोंड खिडकीकडे होतं. त्यांनी एकदम हात वर करून छताकडे बोट दाखवलं.

"लोणचं," सासूबाई म्हणाल्या. बरणी वरच्या फळीवर असे. मी लोणचं वाढलं. सासऱ्यांनी मान जोरात हलवली आणि हवेत बोटाने गोल गोल वेटोळी काढली.

"कढी ढवळून वाढ गं. वरचं पाणी वाढलंस वाटतं."

मी कढी ढवळून वाढली. आता सासऱ्यांनी दोन्ही हात पंखासारखे फडफडवले. उजवा हात खरकटा होता, शितं माझ्या यजमानांच्या डोक्यावर पडली.

"उकडतंय होय," म्हणून सासूबाई पंखा घेऊन वारा घालू लागल्या. तोवर खोलीत अंधार झाला होता. खिडकी आपटत होती, कोशिंबिरीसकट पान उडू नये म्हणून यजमानांनी त्यावर कोपर ठेवलं होतं, आणि सासूबाई सासऱ्यांना वारा घालत होत्या.

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि जिन्याकडे पळाले.

"ओवळी होशील!" मागून आवाज आला.

गच्चीत पोचले तेव्हा एक बाज उलटी झाली होती. एक धोतर कुरडयांसकट शेजारच्या गच्चीवरून पुढे निघालं होतं. मग पाऊस आला, थेंब एवढे मोठे की लागत होते. राहिलेल्या कुरडयांचा परत चीक झाला. मी तो ओंजळीने गोळा करू लागले, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. पाण्याच्या टाकीखाली तीन कुरडया उडून पडल्या होत्या. त्या कोरड्या होत्या. टाकीखालच्याच एका रिकाम्या डब्यात त्या झाकून मी खाली आले.

सासरे नुकतेच हात धुऊन उठले होते. ते लाल झाले होते.

"कुरडया काढा, कुरडया काढा म्हणून मघापासून ओरडतोय मी!"

"ओरडताय?" सासूबाई म्हणाल्या. "मौनात?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी दारात ठिबकत उभी होते.

"वाळल्या का?"

"तीन वाळल्या."

"ठेव तिथे. मला शिवू नकोस."

मी पाटावर ठेवल्या. सासूबाईंनी त्यांच्यावर पाणी शिंपडलं नाही, नाहीतर त्याही गेल्या असत्या. कढई तापवून त्यांनी एक कुरडई तेलात सोडली. आम्ही सगळे कढईत बघत होतो. बाहेर कुणाचा तरी पत्रा रस्त्यावरून खडखडत चालला होता.

ती कढईभर फुलली.

सासूबाईंनी झाऱ्यावर घेऊन ती उलटसुलट पाहिली, तुकडा मोडून खाल्ला आणि यजमानांना म्हणाल्या, "हिचं तिकीट काढ. चीक जरा जास्त शिजलाय, पण काढ."