घारी आणि राखण

ती घटना मी आजही विसरलेले नाही, पण तिच्यात गुन्हेगार कोण होता ते मला अजून नीट सांगता येत नाही. सगळं सांगते, तुम्हीच ठरवा.

मी तेव्हा रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होते. सड्यावर, म्हणजे शहरालगतच्या कातळाच्या पठारावर, धावपट्टी, आणि तिच्याजवळच नगरपालिकेचा कचऱ्याचा डेपो. डेपो हलवायचा असं ठरून बरीच वर्षं झाली होती, ढीग मात्र वाढतच होता. ढीग म्हटला की घारी आल्याच. एकदा उतरणाऱ्या विमानाला घार धडकली. कुणाला इजा झाली नाही, पण नंतर घारी चक्क धावपट्टीच्या कुंपणालगत घिरट्या घालू लागल्या. तिथे कुणीतरी घाण टाकतंय, अशी लेखी तक्रार ठाण्यात आली.

मग खबऱ्याचा फोन. "म्याडम, चिकनच्या दुकानांचा कचरा नेणारा टेम्पो रोज कुंपणाकडे वळतो."

टेम्पो ताब्यात घेतला. आत पिसं होतीच. चालकाला ठाण्यात बसवलं. दम दिला की माणूस घट्ट होतो आणि चहा दिला की सैल, हा माझा अनुभव. याने चहा संपवला, तरी घट्टच.

"कचरा कुठे टाकतोस?"

"डेपोवर, म्याडम."

"मग कुंपणाकडे कशाला जातोस?"

"माजा घर हाय तिकडं. आमची वाडी कुंपणाच्या खालीच."

"आणि कुंपणाजवळ सापडलेली पिसं कुणाची?"

इथे गप्प. गुन्हा दाखल झाला तर टेम्पो अडकणार, डेपोचं काम जाणार, हे त्याला कळत होतं. "जयगड बंदरातलं काम सुटल्यापासून ह्यावरच घर चालतंय," एवढंच बोलला. खोटं बोलणारे मी खूप पाहिले, रडणारेही. हा दोन्ही करीना. माझं डोकं चालेना.

पंचनाम्याला मी स्वतः कुंपणाजवळ गेले. हवालदार पिसं पिशवीत भरत होते, त्यांना थांबवलं. तांबडी, काळी, हिरवट झाक असलेली पिसं! दुकानातली कोंबडी पांढरी असते हो, हा तर गावठी कोंबडा. शेजारच्या जांभ्या दगडावर भाताचा मुटका, विझलेली उदबत्ती, दारूचा वास.

माझी आईसुद्धा शेताच्या बांधावर राखण द्यायची. वर्षातून एकदा जागेवाल्याला, त्या जागेच्या अदृश्य राखणदाराला, कोंबडा द्यायचा, म्हणजे तो जागा सांभाळतो.

हवालदार म्हणाले, "म्याडम, आता जागेवाल्याला समन्स काढायचं काय?"

वाडीत गेलो तर चालकाची आई स्वतःहून पुढे आली. "माज्या झिलाला सोडा. कोंबडा मी दिला."

म्हणून तो गप्प होता. आईचं नाव त्याला घ्यायचं नव्हतं.

घार धडकल्यापासून सगळी वाडी घाबरली होती. विमान पडलं तर आपल्याच कौलांवर! मग गावकीने ठरवलं, पाळीपाळीने घराघरातून राखण द्यायची. मुंडी, आतडी दगडावर राहायची आणि घारी जमायच्या. घारी वाढल्या की भीती वाढायची, आणि भीती वाढली की कोंबडे.

"आये," मी समजावलं, "तुमच्या कोंबड्यामुळेच घारी येतायत."

"आनि पयली घार आली ती कुनाच्या कोंबड्यानं? डोंगराएवडा कचरा तुमाला दिसत नाय, माजा कोंबडा बरा दिसला!"

विमानतळाजवळ घाण टाकायला कायद्याने बंदी आहे, ते मी त्या माऊलीला वाचून दाखवू शकले असते. पण तो कायदा आधी कुणाला वाचून दाखवायचा?

मी चालकाला सोडलं, टेम्पो परत दिला. गावकीने देवाचा कौल घेऊन कोंबड्याऐवजी नारळ ठरवला. अहवालात मी डेपोचं स्पष्ट लिहिलं. पुढे बदली झाली. त्याआधी एकदा मुद्दाम सड्यावर जाऊन आले. कुंपणाजवळ एकही घार नव्हती. सगळ्या परत ढिगावर बसल्या होत्या.

या तपासाने मला एवढंच शिकवलं की पोलिसाच्या हाती लागतो तो पिशवीत मावणारा पुरावा. न मावणारा समोर उभा असतो आणि आपण त्याच्याच सावलीत पंचनामा करतो.

आता निवृत्तीनंतर मी त्याच सड्याच्या पायथ्याशी राहते. घारी येऊ नयेत म्हणून बांगडा माशांची डोकी माडाच्या मुळाशी खोल पुरते, शेजारीण हसते. वरून विमान गेलं की मातीने भरलेले हात आपोआप जोडले जातात. पायलटसाठी की जागेवाल्यासाठी, ते मात्र विचारू नका.